शेऱ्यासाठी सोडलेली चूक

ऑफिसातली पोरं त्याला तोंडावर मामा म्हणायची आणि पाठ वळली की कंसमामा. कारण उघड होतं. जावा ह्या प्रोग्रॅमच्या भाषेत लिहिलेल्या कुठल्याही यादीपुढे टोकदार कंस करून त्यात 'इथे काय राहणार' हे लिहिलेलं नसलं, की मामाच्या कपाळाला आठ्या पडायच्या. तो त्या पोराच्या खुर्चीमागे येऊन उभा राहायचा, चष्मा नाकावर नीट बसवायचा आणि विचारायचा, "ही यादी कसली?"

"यादी आहे, मामा. यादी म्हणजे यादी."

"यादी म्हणजे यादी नसते रे बाबा. कशाची यादी? भिंगांची, गिऱ्हाइकांची, की आणायच्या राहिलेल्या भाजीची?"

पोरं हसायची, कंस टाकायची आणि कानात पुन्हा गाण्याची बोंडं खुपसायची. मामा आणखी थोडा वेळ तिथंच रेंगाळायचा, की एखादं पोर आणखी काही विचारेल. कुणी विचारायचं नाही. मग तो आपल्या जागेवर जाऊन बसायचा.

ऑफिस होतं चष्म्याची भिंगं घासणाऱ्या एका कारखान्याचं. आपण दुकानात डोळे तपासून घेतो, फ्रेम निवडतो आणि घरी येतो. मधल्या वेळात आपला नंबर दुकानातून कारखान्यात जातो, तिथे यंत्र तो वाचतं आणि त्या मापाचं भिंग घासतं. दुकानापासून यंत्रापर्यंतची ही वाट ज्या प्रोग्रॅममधून जायची, तो मामाच्या ऑफिसात लिहिला जायचा. नंबरात गफलत झाली तर माणसाला जिन्याची पायरी दिसायची नाही, एवढं साधं काम होतं ते.

आता जावाच्या यादीत तसं पाहिलं तर काहीही टाकता येतं. भिंग टाका, माणसाचं नाव टाका, ती मुकाट्यानं घेते. बोंब मारते ती काढून घेताना, आणि तीही भलत्याच ठिकाणी, भलत्याच माणसाच्या अंगावर. म्हणून डब्यावर आधीच लिहून ठेवायचं, की ह्यात फक्त भिंगं. मग कुणी दुसरं काही घालायला गेलं तर कंपायलर, म्हणजे लिहिलेलं यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम, तिथल्या तिथे त्याचा हात धरतो. मामा हे येणाऱ्या प्रत्येक नवख्याला सांगायचा. आणखीही सांगायचा. डावीकडे प्रकार एकदा नीट लिहिला की उजवीकडे तोच पुन्हा गिरवायचा नाही, तिथे रिकामे कंस पुरतात, कंपायलर काही बहिरा नाही. प्रकाराला तात्पुरतं नाव द्यायचं तर एकच मोठं अक्षर द्यायचं, म्हणजे वाचणाऱ्याला कळतं की ही जागा अजून भरायची आहे. आणि कंपायलरच्या पिवळ्या सूचना दाबून टाकायच्या नाहीत. दाबायची वेळच आली तर एका ओळीपुरती दाबायची आणि का दाबली ते शेजारी लिहायचं. नवखे माना डोलवायचे. दुसऱ्या दिवशी यादी पुन्हा उघडीबोडकी असायची.

खरं सांगायचं तर कंस हे मामाचं बोलायचं निमित्त होतं. एरवी त्याच्याशी बोलणार कोण? लग्नाचं वय आईच्या आजारपणात गेलं. पुढे आईही गेली. उरलं ते तिसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर, त्यात एक पलंग आणि दोन खुर्च्या. एका खुर्चीवर तो बसायचा, दुसरीवर वाळलेले कपडे बसायचे. दर रविवारी लांबच्या गावाहून ताईचा फोन यायचा. ताई फोन खांदा आणि कान ह्यांच्यात धरून स्वयंपाक करायची, त्यामुळे मामाला निम्मा कुकरच ऐकू यायचा.

"काय विशेष?" ताई विचारायची.

"काही नाही. तुझं?"

"आमचं काय, आहेच. जेवलास?"

"जेवलो."

"मग ठेवू?"

ताई वाईट नव्हती. तिच्या घरात सुना होत्या, नातवंडं होती, सदा कुणी ना कुणी तापानं फणफणलेलं असायचं. पण फोन ठेवल्यावर मामाला घर आधीपेक्षा मोठं वाटायचं, आणि ते त्याला मुळीच आवडायचं नाही.

अशात कारखान्याने नवा नियम काढला. कुणीही लिहिलेलं काम दुसऱ्या शहरातल्या ऑफिसातलं कुणी तरी वाचेल, शेरा देईल, आणि मगच ते पुढे जाईल. मामाच्या आणि काही पोरांच्या वाट्याला एक बाई आल्या. त्यांना त्यानं कधी पाहिलं नव्हतं. पडद्यावर जिथे फोटो असायला हवा तिथे नुसता राखाडी गोल होता. बाई अशा कडक, की पोरांनी पहिल्याच आठवड्यात त्यांचं नाव शेरेबाई ठेवलं. एका पोरानं सूचना दाबून टाकलेली बघून त्यांनी लिहिलं होतं, "धूर दिसतो म्हणून खिडकी लावून घेतलीत. चूल कोण विझवणार?" पोरगा दोन दिवस तोंड पाडून बसला. मामा मनातल्या मनात खूश झाला.

मग शेरेबाईंनी मामालाच धरलं. त्यानं एक काम लिहिलं होतं, जे भिंगांची यादी घ्यायचं आणि त्यातले नंबर वाचून बेरीज-वजाबाकी करायचं. कंस होते, आत 'भिंग' असं लिहिलेलंही होतं. मामाच्या मते सगळं चोख होतं. बाईंचा शेरा आला: "बायफोकल हे भिंगच असतं. पण बायफोकलची यादी तुमच्या ह्या दारातून आत येणार नाही, कारण जावाच्या लेखी ती भिंगांची यादी नव्हे. तुम्ही नुसतं वाचताय ना? मग दार मोठं ठेवा. 'भिंग, किंवा भिंगाच्या पोटातला कुठलाही प्रकार' असं लिहा."

मामानं करून पाहिलं. बाईंचं बरोबर होतं. इतकी वर्षं दुसऱ्यांना कंस शिकवणाऱ्या माणसाला ही गोष्ट खरोखरच नीट ठाऊक नव्हती. त्याला लाज वाटायला हवी होती, पण वाटला तो आनंद. त्यानं उत्तर लिहिलं, "पटलं. पण यादीत घालायचं असेल तर?" बाईंनी लिहिलं, "काढायचं असेल तर वंशज चालतात, घालायचं असेल तर पूर्वज चालतात. दोन्ही करायचं असेल तर गुमान एकच नाव लिहा." त्यावर मामानं आणखी काही विचारलं, त्यावर बाईंनी आणखी काही सांगितलं. असे कितीतरी दिवस गेले. एकदा बाईंनी लिहिलं, "आज इकडे वीज गेली होती, म्हणून उत्तराला उशीर." त्यात शिकण्यासारखं काही नव्हतं. मामानं ते वाक्य चारदा वाचलं.

पण मामा हुशार माणूस, आणि त्यानं ही विद्या घोटून घेतली. शेरे कमी होत गेले. शेवटी बाईंकडून एकच शब्द यायला लागला, "मंजूर." सकाळी काम पाठवावं, दुपारी "मंजूर." दुसऱ्या दिवशी तेच. आपण एवढे नीट का वागतो, असं त्याला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

आणि मग एके दिवशी त्यानं एका यादीचे कंस मुद्दाम सोडले. सोपं नव्हतं ते. हात सवयीनं कंस टाकायला गेला, त्यानं तो मागे घेतला. ती ओळ पडद्यावर बघवेना. ऐन समारंभात कुणी बनियनवर येऊन बसावं तशी ती बाकीच्या नेटक्या ओळींमध्ये बसली होती. तरी त्यानं डोळे मिटून काम पाठवून दिलं, आणि जेवणाचा डबा उघडायच्या आत शेरा आला.

"अहो, इतकं सगळं नीट लिहिता आणि इथे कंस विसरलात? तब्येत बरी आहे ना?"

तब्येत बरी आहे ना, असं त्याला आईनंतर कुणी विचारलं नव्हतं. ताई जेवलास का म्हणून विचारायची, पण ते तिच्या तोंडात बसलेलं होतं. मामा डबा तसाच ठेवून बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिला. मग त्यानं लिहिलं, "जरा सर्दी आहे." सर्दी नव्हती. बाईंनी गरम पाण्याचा वाफारा घ्या म्हणून लिहिलं, आणि संध्याकाळी घरी जाऊन ह्या गृहस्थानं, धडधाकट असताना, टॉवेल डोक्यावर घेऊन चक्क वाफारा घेतला.

तेव्हापासून त्याला ती चटकच लागली. तो रोज चूक सोडायचा नाही, बाईंना संशय येऊ नये एवढी अक्कल त्याच्यापाशी होती. कधी कंस गाळायचे. कधी नेमका प्रकार न लिहिता 'काहीही चालेल' असा सगळ्यांत ढोबळ प्रकार लिहायचा. कधी पिवळी सूचना दाबायची आणि कारण लिहायचं नाही. बाई न कंटाळता शेरे द्यायच्या आणि शेऱ्याच्या शेपटीला कधी तरी घरचंही काही जोडायच्या. त्यांचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे, एका घड्याळाचे स्क्रू एका वाटीत, दुसऱ्याचे दुसऱ्या वाटीत, आणि वाट्या हलवल्या म्हणून घरात महाभारत व्हायचं. मामाला ते वडील ओळखीचे वाटायला लागले. आपण चूक करतोय असं त्याला वाटलं नाही असं नाही. पण तो स्वतःची समजूत घालायचा, ह्यात कुणाचं काय जातं? चूक पुढे जातच नाही. अडवायला बाई आहेत की.

एका शुक्रवारी त्यानं जे काम पाठवलं, त्यात यंत्राकडे जाणारी मुख्य यादी होती, आणि नेमकी तीच त्यानं कंसाविना सोडली. जेवून येऊन पाहतो तर शेरा आलेला होता.

"मंजूर. आज घाईत आहे, वडील पडलेत, दवाखान्यात निघालेय. तुमचं काम आता डोळे मिटून पुढे पाठवावं असं झालंय. फार सुधारणा आहे."

मामाला आधी त्या वडिलांचं वाईट वाटलं. मग त्याच्या काळजात दुसरंच काही तरी रुतलं. बाईंना दिसलं नाही. एवढी ठसठशीत चूक आणि त्यांना दिसली नाही. खरं तर त्या क्षणी त्यानं काय करायला हवं होतं हे शेंबड्या पोरालाही कळेल. फाइल उघडायची, टोकदार कंस करायचे, आत 'भिंग' लिहायचं, काम संपलं. पण मामा रुसला. हो, रुसला. ह्या वयात, एका राखाडी गोलावर. त्यानं ठरवलं, सोमवारी बाई येतील तेव्हा आपणच म्हणायचं, बघा, तुमच्या नजरेतून एक सुटलं. त्यावर बाई काही म्हणतील, आपण काही म्हणू. इथे कुणी तरी त्याच्या एक थोबाडीत द्यायला हवी होती. पण द्यायला जवळ कुणी असतं तर ही वेळच कशाला आली असती?

सोमवारी बाई आल्या नाहीत. मंगळवारी एका पोरानं नव्या दुकानांची जोडणी पूर्ण केली. ह्या नव्या दुकानांकडून नंबर आकड्यात न येता अक्षरात यायचा. पोरानं तो तसाच्या तसा मामाच्या त्या उघड्या यादीत ओतला. यादीनं मुकाट्यानं घेतला. कंपायलरनं पिवळी सूचना दिली, पण पिवळ्या सूचनांकडे त्या ऑफिसात मामाशिवाय कुणी बघत नसे, आणि मामानं आधीच तिच्याकडे पाठ फिरवलेली होती. दुपारी कारखान्यातलं यंत्र यादीतून भिंग काढायला गेलं, हातात आलं भलतंच, आणि यंत्र जागच्या जागी थांबलं.

कारखान्यातून फोन आला तेव्हा मामाला कारण लगेच कळलं. पोरं यंत्राकडच्या ओळी धुंडाळत होती, कारण धमाका तिथे झाला होता. मामानं न बोलता आपली फाइल उघडली आणि ती ओळ नीट केली. तरी यंत्र पुन्हा सुरू होईपर्यंत संध्याकाळ झाली. त्या दिवशीचे चष्मे त्या दिवशी निघाले नाहीत, आणि दुकानांच्या काउंटरवरून माणसं आपापल्या अंधुक डोळ्यांनी परत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बैठक झाली. मामाच्या ऑफिसातली सगळी एका खोलीत बसली, समोरच्या पडद्यावर दुसऱ्या ऑफिसातली मंडळी. बाईंच्या जागी तोच राखाडी गोल, त्या दवाखान्यातून नुसत्या आवाजानं हजर होत्या. साहेब वयानं मामाच्या निम्मे आणि रागानं दुप्पट. त्यांनी ती ओळ पडद्यावर लावली.

"हे कुणी तपासलं होतं?"

"मी," बाईंचा आवाज आला. मामानं तो पहिल्यांदाच ऐकला. जरा घोगरा, दमलेला. "मी घाईत होते. नीट वाचलं नाही. चूक माझी आहे."

"मग तपासणी कशाला ठेवलीय आपण?" साहेब म्हणाले. "तुमच्या भरवशावर यंत्रं चालतात. मला वाटतं, हे काम तुमच्याकडून काढलेलं बरं. तसं मला वरही कळवावं लागेल."

मामानं टेबलाची कड घट्ट धरली. गप्प बसलं तर सगळं निभावून जात होतं. कंस विसरणं ही काही फाशीची चूक नव्हे, कुणीही विसरतं. बाईंवर ठपका आला असता, आणि ह्याला कुणी काही विचारलं नसतं. उलट बाईंनी पुढे कधी तरी त्याला दोन ओळी लिहिल्याही असत्या. आणि बोललं, तर त्या दोन ओळी कायमच्या गेल्या. हे सगळं त्याला लख्ख दिसत होतं.

"साहेब," तो म्हणाला, "ती चूक नव्हती. मी कंस मुद्दाम सोडले होते."

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. कंसमामानं कंस मुद्दाम सोडले!

"मुद्दाम? का बरं?"

खोटं कारण सुचेना, आणि खरं सांगायची लाज वाटली. "बाईंचा शेरा यावा म्हणून," तो म्हणाला. "आधीही सोडायचो. त्या प्रत्येक वेळी धरायच्या. ह्या वेळी त्यांचे वडील पडले. त्यांच्यावर ठपका ठेवू नका."

मागे एक पोर फिसकन हसलं आणि मग कुणीच हसत नाही बघून गप्प झालं. शेवटी साहेबांनी निकाल दिला, की बाईंवर ठपका नाही, मामांनी आपल्याला एकट्याला येऊन भेटावं, आणि उद्यापासून माणसांची तपासणीच बंद, तपासायला प्रोग्रॅम बसवू. राखाडी गोल पडद्यावरून केव्हा गेला ते मामाला कळलंही नाही.

साहेबांना भेटून आल्यावर, त्यांची बोलणी खाऊन झाल्यावर, त्यानं जिन्यात उभं राहून बाईंना फोन लावला.

"मी बोलतोय. सकाळचा."

"ओळखलं."

"वडील कसे आहेत?"

"खुब्याचं हाड मोडलंय. वेळ लागेल. एक विचारू का? त्यातल्या खऱ्या चुका किती होत्या?"

"पहिली खरी होती. ते बायफोकलचं मला माहीत नव्हतं."

"आणि बाकीच्या?"

मामानं जिन्याच्या कठड्यावरची धूळ बोटानं पुसली.

"मी घरी बाबांना सांगायचे," बाई म्हणाल्या, "एक गृहस्थ आहेत, वय झालंय, पण सांगितलं की ऐकतात. हळूहळू सुधारतायत म्हणायचे. बाबा रोज रात्री जेवताना विचारायचे, आज तुझा विद्यार्थी काय म्हणतोय? इथे मला ढिगानं लोक वैतागतात हो. तोंडावर गोड बोलतात आणि मागून नावं ठेवतात, मला काय कळत नाही? मला वाटायचं, निदान एका माणसाला तरी माझा उपयोग होतोय."

"उपयोग होत होता," मामा म्हणाला. "मला तुमच्याशी बोलायचं असायचं. दुसरं काही सुचलं नाही."

"मग नुसतं 'कशा आहात' असं विचारायचं होतंत. मी उत्तर दिलं असतं."

जिन्यातून वर जाणारं कुणी तरी त्याला वळसा घालून गेलं. मामा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. एवढं सोपं होतं, आणि ते त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"मग आता विचारू?" त्यानं विचारलं. "कशा आहात?"

"आता नको," बाई म्हणाल्या. त्या रागावलेल्या नव्हत्या, म्हणून जास्त लागलं. "आता तुम्ही काहीही विचारलंत तरी मला वाटणार, ह्यात मुद्दाम काय सोडलंय. बाबा हाक मारतायत. ठेवते."

दुसऱ्या दिवशी मामानं काम लिहिलं, प्रत्येक यादीचे कंस जिथल्या तिथे. पाठवलं आणि सवयीनं वाट बघायला खुर्चीत मागे टेकला. पाठ नीट टेकायच्या आतच हिरवी खूण आली. तपासणी पूर्ण, त्रुटी नाही. खाली शेऱ्याची चौकट अजून होती, काढायची राहिली असावी. त्यानं तिच्यात 'कशा आहात' असं लिहिलं, वाचायला तिथे आता कुणी नाही हे लक्षात आल्यावर पुसलं, आणि पुढचं काम उघडलं.